आवाज वेळेवर हवा

संगणकाचा वेग आपण सरासरीवरून ठरवतो. आवाजाच्या कामात हे माप फसवे आहे, हे दोन प्रोग्रामिंग भाषांत नीट दिसते. पॅरिसच्या इर्काम या संगीत-संशोधन संस्थेत १९८०च्या दशकात मिलर पकेट यांनी ‘मॅक्स’ ही संगीतासाठीची भाषा लिहिली आणि पुढच्या दशकात अमेरिकेत ‘प्युअर डेटा’. दोन्हींत कोडच्या ओळी लिहायच्या नसतात. पडद्यावर चौकटी मांडायच्या आणि त्या तारांनी जोडायच्या. या तारांतून दोन वेगळ्या गोष्टी धावतात. कळ दाबली की तेवढ्यापुरता एक संदेश जातो. ध्वनिसंकेत मात्र अखंड चालू असतो: सेकंदाला ४४,१०० सॅम्पल (आवाजाची क्षणोक्षणीची मोजमापे) धरली, तर प्युअर डेटाला ६४ सॅम्पलची एकेक खेप सरासरी १.४५ मिलिसेकंदांत तयार करावी लागते. ध्वनिसंकेताच्या चौकटींचा क्रम आवाज सुरू होतानाच लावलेला असल्याने हे काम बिनबोभाट चालते. संदेशांचे तसे नाही. एक संदेश निघाला की त्याच्या साऱ्या शाखा पुऱ्या होईपर्यंत पुढची खेप थांबून राहते. लाखभर आकड्यांचा तक्ता एका दमात भरायला घेतला, तर खेप चुकते आणि स्पीकरमधून ‘टक्’ ऐकू येते. बाकीचा सगळा वेळ प्रोसेसर रिकामा होता, याला तिथे काहीही अर्थ नसतो.

म्हणून इथे वेगाआधी क्रमाची खात्री हवी, असे मला ठामपणे वाटते. गुणाकाराची चौकट पाहा. तिच्या उजव्या तोंडाशी आलेला आकडा नुसता साठवला जातो. डाव्या तोंडाशी आकडा आला की गुणाकार होतो. वर्ग काढायला ५ दोन्हीकडे पाठवला, पण तो डावीकडे आधी पोचला आणि उजवीकडे जुना ३ पडून असला, तर उत्तर २५ऐवजी १५ येते. प्युअर डेटात हा क्रम तारा कधी जोडल्या यावर ठरतो आणि चित्रात तो दिसत नाही, ही या पद्धतीतली खरी उणीव. ‘ट्रिगर’ नावाची चौकट मधे घातली की संदेश नेहमी उजवीकडून डावीकडे सुटतात. ती घालायचा आळस कधीच करू नये.

प्रोसेसरचे आठ-आठ कोअर हाताशी असताना सगळे एकाच रांगेत का, हा आक्षेप रास्त आहे. पण संदेश वेगवेगळ्या कोअरवर सोडले, तर कोणता आधी पोचेल याची हमी जाते. तालमीत २५ आलेले उत्तर मैफलीत १५ येऊ शकते. एकमेकांवर न विसंबणारी कामे मात्र जरूर वाटावीत. मॅक्समधल्या ‘पॉली’ चौकटीत अनेक स्वर समांतर चालवता येतात, ते यामुळेच. बफर, म्हणजे आधीच तयार ठेवलेल्या आवाजाचा साठा, वाढवा, असेही सुचवले जाते. त्याने ‘टक्’ टळते, पण कळ दाबल्यावर आवाज तितकाच उशिरा येतो. रेकॉर्डिंगला हे चालेल, रंगमंचावर वाजवणाऱ्याला नाही. त्यापेक्षा जड काम तुकड्यांत वाटावे. लाख आकडे दर मिलिसेकंदाला शंभर-शंभर करून भरले, तरी सेकंदाभरात तक्ता पुरा होतो आणि मधल्या खेपांना त्यांचा वेळ मिळतो.