परीट आला!

गौरी यायच्या आदल्या दिवशीची सकाळ. दूर्वा खुडायला मागच्या अंगणात उतरले आणि 'चिट्‌-चिट्‌' असा बारीक, खणखणीत आवाज कानी पडला. हातातली जुडी तशीच राहिली. पारिजातकाखालच्या डबक्याशी पाहुणा उभा होता. पाठ राखाडी, पोटाशी पिवळा, लांब शेपटी सारखी वरखाली. करडा परीट! कुणी त्याला धोबी म्हणतात. शेपटीची ती आपटाआपट पाहिली की नावाचा उलगडा होतो.

आपल्याला थंडीची चाहूल लागते दिवाळीत. हिमालयातल्या ओढ्याकाठी घरटं करणाऱ्या या पाखराला ती भर पावसाळ्यातच लागते. दिवस आखडू लागला, की त्याच्या शरीरात बदल होतात, अंगावर चरबी साठते, जीव अस्वस्थ होतो. मग जेमतेम २० ग्रॅम वजनाचा हा जीव हजार-दीड हजार किलोमीटर उडत पुण्यात येतो. चार दिवसांनी आंब्यावरून 'चिस्वी' ऐकू आलं. पानांच्या रंगाचा, चिमणीहून लहान पर्णवटवट्या. हा दिसतो कमी, बोलतो फार!

मुंबईतल्या एका हिरवळीवर पायात वाळं घातलेला करडा परीट पुढे वर्षानुवर्षं तिथेच परतल्याचं सालिम अलींनी लिहिलं आहे. माझ्या सासऱ्यांनी ते वाचलं होतं. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत, दुधाच्या हिशेबाशेजारी, ते दर वर्षी दोन शब्द लिहीत : 'परीट आला.' त्यांच्या माघारी गेली दोन वर्षं ती जागा कोरीच राहिली. मी पाहिलंच नाही, म्हणून तो आला नाही असं थोडंच आहे?

यंदा त्या अंगणात फरशी घालून दोन मोटारींची सोय करायचं घरात ठरलं होतं. मीही मान डोलावली होती. पण हजार मैलांवरून येणाऱ्याने नेमकं आपलं अंगण शोधायचं, आणि तिथे किडा नाही, ओल नाही, नुसती फरशी?

रात्री जेवताना विषय काढला. भावजी हसले, "वहिनी, एका पाखरासाठी?"

"एका नाही. वटवट्याही आलाय."

सगळेच हसले. मग भावजी हळूच म्हणाले, "दादा किती तारखेला लिहायचे हो?"

जुन्या दिनदर्शिका माळ्यावरून काढल्या. तारखा दोन-चार दिवसांनी मागेपुढे, महिना तोच. फरशी आता पुढच्या बाजूला, एकाच गाडीपुरती. दुसरी राहील रस्त्यावर.

दुधाच्या हिशेबाशेजारी मी दोन शब्द लिहिले.