नाव ठेवताना

‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ यांत मराठीने एका मात्रेचेच अंतर राखले आहे. पहिले बारशाच्या दिवशी आटोपते, दुसरे मात्र काही जणांना जन्मभर पुरते. प्रवेश-नोंदवहीवर वर्षानुवर्षे मान मोडणाऱ्या आम्हां शिक्षकांना याचा अनुभव पदोपदी येतो.

आमच्या गुडीहत्नूरला महामार्गावरून उटनूरकडे वाट फुटते. या नाक्यावर तेलुगू, मराठी, गोंडी, लंबाडी, उर्दू अशा भाषा एकाच वेळी कानी पडतात, आणि नावेही तितक्याच परींची. एका जून महिन्यात एक तरुण ख्रिस्ती माता लेकीला घेऊन आमच्यासमोर उभी राहिली. जन्मदाखल्यात नावाची जागा कोरी होती. आम्ही नाव विचारले. ती म्हणाली, “मारा.”

आमची लेखणी थबकली. “ताई, या शब्दाचा अर्थ ‘कडू’. शिवाय मराठी मुले मधल्या सुट्टीत ‘मारा, मारा’ म्हणून हिच्यामागे धावतील, त्याचे काय?”

“अर्थ ठाऊक आहे, गुरुजी,” ती शांतपणे म्हणाली. “हिच्या जन्माआधी दोन महिने हिचे वडील गेले. म्हणूनच ठेवले.”

आम्ही निरुत्तर झालो. नोंद दुसऱ्या दिवशी करू, असे सांगून आम्ही त्या रात्री मराठी बायबल काढून बसलो.

त्या ग्रंथातील नावे पाहून कोणीही चकित व्हावे. ईयोबाला सारे काही गमावल्यानंतर ज्या तीन मुली झाल्या, त्यांची नावे यमीमा, कसीया आणि केरेन-हप्पूक. म्हणजे कबुतरी, तज आणि काजळाची शिंगडी! राहेल म्हणजे मेंढी, दबोरा म्हणजे मधमाशी, टबीथा म्हणजे हरिणी. ज्यांच्या घरांत मैना आणि हरणाबाई नांदल्या, त्या आपण यांना हसण्याचे कारण नाही.

परकी वाटणारी नावे मराठी जिभेवर रुळतातही. कोकणातील बेने इस्राएल समाजाने हे पूर्वीच दाखवून दिले आहे. मुंबईतील पहिले सिनेगॉग १७९६ मध्ये बांधणारे सॅम्युएल इझिकिएल दिवेकर लोकांत समाजी हसाजी म्हणून ओळखले जात. नाव पवित्र ग्रंथातले, ‘जी’ आदराचा आणि आडनाव गावाचे! उलट नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण आपले मूळ नाव सोडले नाही. दोन्ही रीती आपल्याच.

परंतु आम्हांला थांबविले ते दुःखाच्या नावांनी. याबेसच्या आईने प्रसववेदनांची आठवण म्हणून त्याला ते नाव दिले. मरणोन्मुख राहेलने मुलाला ‘बेनओनी’, म्हणजे ‘माझ्या दुःखाचा पुत्र’, म्हटले. पित्याने ते बदलून ‘बन्यामीन’, म्हणजे ‘उजव्या हाताचा पुत्र’, केले. होशेय संदेष्ट्याच्या कन्येचे नाव ‘लो-रुहामा’, अर्थात ‘जिला दया लाभली नाही ती’. पुढे त्याच ग्रंथात ‘लो’ हा नकार गळतो आणि ‘रुहामा’ उरते. आपल्याकडे मूल जगावे म्हणून धोंडू, दगडू, केरू अशी नावे ठेवीत, त्यामागे निदान माया होती. पण ‘नकुशी’? सातारा जिल्ह्यात २०११ च्या ऑक्टोबरात अशा २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. त्यांचाही नकार तेव्हा गळाला, असेच म्हणावयाचे.

आणि मारा? ती तर मुळात मुलगी नव्हेच. पती आणि दोन्ही पुत्र गमावून बेथलेहेमास परतलेली नामी स्वतःविषयीच म्हणते की, मला आता मारा म्हणा. मात्र ग्रंथकर्ता तिचे हे म्हणणे ऐकत नाही. शेवटच्या पानापर्यंत तो तिला नामीच म्हणतो, आणि अखेरीस तिच्या मांडीवर नातू देतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या मातेला एवढेच सांगितले, “ताई, नामीने ते नाव स्वतःला घेतले होते, लेकराला दिले नव्हते.”

ती बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली. लेक आमच्या मेजावरील खडूने फरशीवर रेघोट्या ओढत होती. मग ती म्हणाली, “नामीचा अर्थ काय हो, गुरुजी?”

“हिब्रूत रमणीय, सुखद. आणि मराठीत नामी म्हणजे काय, हे आम्ही तुम्हांला काय सांगावे?”

ती हसली. लेकीचे आईने ठेवलेले नाव तिने आईनेच बदलले. जन्मनोंदणीच्या १९६९ च्या कायद्यात नाव मागाहून भरण्याची सोय आहे. तो दाखला तिने रीतसर पुरा करून आणला, आणि आम्ही नोंदवहीत ठळक अक्षरांत ‘नामी’ असे लिहिले.

वाचकहो, दुःख मोठ्यांचे असते, ते खरेच असते. पण ते वाहण्याचे काम बाळाच्या नावावर सोपवू नये. रोज सकाळी हजेरीच्या वेळी त्या नावाला ‘हजर’ म्हणावे लागते ते लेकरालाच.