रुळांखालचे लाकूड

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून गेलेली रेल्वे सह्याद्रीच्या दाट रानापासून लांबच राहिली. जावळी, पाटण, कोयनेचे खोरे पश्चिमेला. लोहमार्ग मात्र वाठार, कोरेगाव, कऱ्हाड, मिरज असा पूर्वेच्या मोकळ्या मुलखातून. सातारा शहराजवळूनही तो गेला नाही. महाबळेश्वरचे प्रवासी वाठारला उतरून वाईमार्गे घाट चढत.

हा मार्ग सदर्न मराठा रेल्वेचा. १८७६–७८ च्या दुष्काळात धान्य पोहोचवणे किती अवघड आहे ते सरकारला कळले आणि १८८२ मध्ये ही कंपनी उभी राहिली. १८९० पर्यंत पुणे–लोंढा मीटरगेज मार्ग पूर्ण झाला. पुढच्याच वर्षी मिरजेहून कोल्हापूरला फाटा गेला.

रूळ टाकायचे तर खाली लाकडी स्लीपर हवेत. यार्डाला एक धरला तरी मैलाला १,७६०, म्हणजे शंभर मैलांना पावणेदोन लाखांहून अधिक. शिवाय वाळवी आणि पावसाने ते कुजत, म्हणून मागणी कधी संपत नसे. साग टिकाऊ, पण महाग. देशभरातल्या या मागणीचा वनखात्याच्या स्थापनेत मोठा वाटा आहे. मुंबई इलाख्यात अलेक्झांडर गिब्सन १८४७ मध्येच वनसंरक्षक झाले होते. १८६४ मध्ये डीट्रिश ब्रँडिस यांच्या हाताखाली अखिल भारतीय खाते आले आणि १८७८ च्या कायद्याने राखीव जंगले आखली गेली. सरपण, चराई आणि डोंगरउतारावरची फिरती शेती यांवर बंधने आली, ती डोंगरातल्या माणसांवर. रेल्वेचा लाभ मात्र प्रामुख्याने पूर्वेकडच्या बाजारपेठांना झाला. हा हिशेब क्वचितच मांडला जातो.

अमेरिकेत चित्र वेगळे होते: तिथे लाकडासाठी रूळच रानात जात. एफ्राइम शे यांनी १८८१ मध्ये पेटंट घेतलेले गिअरवर चालणारे इंजिन तात्पुरत्या रुळांवरून तीव्र चढ चढे. तोड संपली की रूळ आणि कामगारांची वस्ती दोन्ही पुढे हलत. भारतात असा नमुना कोचीन संस्थानात सापडतो. परंबिकुलमचे लाकूड चालकुडीला आणणारी तिथली वन-ट्रामवे १९०७ ते १९६३ चालली. सदर्न मराठाच्या मार्गाला जवळचे उदाहरण दांडेलीचे: तिथले लाकूड अळणावरच्या फाट्याने मुख्य मार्गावर येई, आणि अळणावर लोंढ्याहून फार दूर नाही.

इकडे तळ पडत ते लाकूडतोड्यांचे नव्हे, मार्ग बांधणाऱ्यांचे. दख्खनमध्ये मातीकाम माती वडारांचे, खडी-दगडाचे पाथरवटांचे, ओढकाम गाडी वडारांचे. भराव जसा पुढे जाई तशी पालेही पुढे जात. मार्ग चालू झाल्यावर देखभालीला गँगमन आणि मुकादम राहिले; ट्रॉली ढकलत, ढिल्या चाव्या ठोकत, कुजलेले स्लीपर बदलत. रेल्वेच्या इतिहासात इंजिनांची नावे सापडतात, या माणसांची नाही.

पुढे मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आले आणि लाकडी स्लीपरांची जागा काँक्रीटने घेतली. पश्चिमेचे कोयना आणि चांदोलीचे रान २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे.