पेपरामागचे बाबा

गेल्या दिवाळीत आमच्या वन्सं न्यूझीलंडहून आल्या. सात वर्षांनी समोरासमोर भाऊबीज! एरवी ती मोबाइलवर व्हायची, म्हणजे ताट तिकडे आणि कपाळ इकडे. त्यांच्या बॅगेतून प्रत्येकासाठी काही ना काही निघालं. सासूबाईंना लोकरीची शाल, ह्यांना शर्ट, लेकीला चॉकलेटं, मला पर्स. आणि सगळ्यांत तळाशी साडीच्या घडीत जपून ठेवलेली एक डीव्हीडी. "ही कुणाला नाही हं. फक्त दाखवायला आणलीय, परत नेणार," असं वन्संनी आधीच बजावलं.

डीव्हीडी एका सर्कशीची होती. सर्कस म्हटल्याबरोबर सासूबाईंनी कान टवकारले. आमचा सांगलीचा मुलूखच मुळी सर्कशीचा. १८८० साली मुंबईत पहिली भारतीय सर्कस उभी करणारे विष्णुपंत छत्रे इथल्या अंकलखोपचे. म्हैसाळच्या देवलांच्या सर्कशीचंही एके काळी मोठं नाव होतं. तेव्हा सासूबाईंचा पहिला प्रश्न, "ह्यात वाघ कुठाय?"

वाघ नव्हता. हत्ती, घोडा, पोपटसुद्धा नव्हता. (आपल्याकडेही वाघ, सिंह, अस्वलं, माकडं यांचे खेळ करायला १९९८ सालीच सरकारनं बंदी घातली आणि २००१ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती कायम केली, हे मी त्यांना सांगितलं. त्यावर त्या "बरं झालं बिचाऱ्यांचं" म्हणाल्या, पण चेहरा थोडा उतरलाच.) ही कंपनी कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातली. रस्त्यावर खेळ करून दाखवणाऱ्या काही तरुण मंडळींनी १९८४ साली ती काढली. नाव 'सर्क द्यू सोलेय', म्हणजे सूर्याची सर्कस. आणि ह्या खेळाचं नाव 'किदाम'. लॅटिन शब्द आहे. अर्थ 'कुणी एक'. रस्त्यातून जाताना आपल्या शेजारून जातो, ज्याचं नाव आपण विचारत नाही, असा कुणीतरी.

आता ह्या खेळाची गोष्ट सांगते, कारण सर्कशीला गोष्ट असते हेच मला नवीन होतं. पडदा वर जातो तो एका घराच्या दिवाणखान्यात. बाबा खुर्चीत बसून पेपर वाचताहेत. आई आहे, पण तिचं लक्ष कुठे तिचं तिलाच ठाऊक. मध्ये एक मुलगी, नाव झोए. कंटाळलेली. ती काही बोलू बघते, बाबांच्या पेपराभोवती घुटमळते, पण पेपर काही खाली येत नाही. इतक्यात दाराशी कुणीतरी येतं. बघते तर काय, लांब कोट घातलेला, हातात छत्री धरलेला माणूस, आणि त्याला डोकंच नाही! त्याच्या हातातली गोल हॅट पडते, झोए ती उचलून डोक्यावर घालते, आणि मग ते घरच उडून जातं. आईबाबा आपापल्या तंद्रीत वर तरंगत निघून जातात आणि ती मुलगी एका वेगळ्याच दुनियेत जाऊन पडते.

त्या दुनियेत मग खेळ सुरू होतात. माणसाएवढ्या लोखंडी चाकाच्या आत हातपाय ताणून उभा राहिलेला एक जण चाकासकट गरगर फिरतो. चार चिनी मुली दोरीवर लाकडी भिंगऱ्या नाचवतात, त्या आकाशात फेकतात, स्वतः कोलांटी उडी मारतात आणि भिंगरी पुन्हा दोरीवर झेलतात. एक बाई लालभडक रेशमी कापडाला गुंडाळून घेऊन उंचावरून अशी उलगडत खाली येते, की श्वास रोखला जातो. आणि दोरीवरच्या उड्या! आपल्या मुली अंगणात मारतात त्याच. पण वीसएक माणसं एकदम, दोऱ्यांतून दोऱ्या, आणि पाय एकाचाही अडकत नाही.

एका खेळात एक पुरुष आणि एक स्त्री, दोघंच. अगदी सावकाश, पुतळे हलावेत तसे, एकमेकांच्या आधारावर तोल सांभाळत जातात. दोघांचा एकमेकांना असलेला स्पर्श एकदाही सुटत नाही. आम्ही सगळ्या गंभीर होऊन बघत होतो, तेवढ्यात सासूबाई हळूच म्हणाल्या, "अगंबाई, ह्यांतल्या एकाला शिंक आली तर?"

असं आमचं बघणं चाललं होतं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीची दुपार. शेजारच्या वहिनी आल्या होत्या, मुली आल्या होत्या. हे कोपऱ्यात रविवारची पुरवणी घेऊन बसले होते. माझ्या मांडीवर सहामाहीचे पेपर होते. मी इथल्या एका शाळेत अर्धवेळ शिकवते. पूर्णवेळ शिक्षिका पेपर शाळेत तपासतात, अर्धवेळ असलेल्या घरी आणतात! सातवीचे बावन्न पेपर, सुट्टी संपायला चार दिवस. एक डोळा सर्कशीवर आणि एक डोळा लाल पेनावर, अशी माझी कसरत चालली होती.

लेक चौथीत आहे. तिनं विचारलं, "आई, हिचे आईबाबा शेवटी हिच्याकडे बघतात का गं?"

हे मला नंतर वन्संनी सांगितलं. कारण तेव्हा मी ऐकलंच नव्हतं. तिनं म्हणे तीनदा विचारलं. दुसऱ्यांदा बाबांना विचारलं, त्यांनी पुरवणीतूनच "हं, हं" केलं. तिसऱ्यांदा पुन्हा मला. मी म्हटलं होतं, "थांब जरा, बेरीज चाललीय." हे म्हटल्याचंसुद्धा मला आठवत नाही. शेवटी आत्यानं तिला जवळ घेतलं आणि सांगितलं, की हो, शेवटी बघतात.

रात्री भांडी विसळताना वन्संनी ही गोष्ट सांगितली. रागावून नाही, अगदी हसत. पण माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. मग मी त्यांना विचारलं, की वन्सं, एवढी डीव्हीडी साडीत बांधून नेण्याआणण्याइतकं तुमचं ह्या खेळाशी नातं काय? तेव्हा त्यांनी शेवटच्या प्रयोगाची हकीकत सांगितली.

'किदाम'चा पहिला प्रयोग झाला १९९६ च्या एप्रिलमध्ये, मॉन्ट्रिअलला. वन्संनी तो पहिल्यांदा पाहिला ऑस्ट्रेलियात, २००४-०५ च्या दौऱ्यात. तेव्हा त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं, भावोजी दिवसभर कामावर, ओळख कुणाशी नाही, इंग्रजी बोलायची भीती. त्या म्हणाल्या, "मी तेव्हा चोवीस वर्षांची, पण त्या तंबूत बसून मला वाटलं, ही मुलगी म्हणजे मीच. माझ्याकडे दिवसभर कुणी बघत नव्हतं." त्यानंतर त्यांनी तो आणखी दोनदा पाहिला. आणि वीस वर्षं जगभर फिरून, कोट्यवधी लोकांची मनं रिझवून तो खेळ संपायला आला, तो नेमका त्यांच्या गावी. २६ फेब्रुवारी २०१६, ख्राइस्टचर्च. २०११ च्या भूकंपात त्या गावची १८५ माणसं गेली, त्याला चारच दिवसांपूर्वी पाच वर्षं झाली होती.

खेळ बंद होणार हे अगोदर जाहीर झालेलं होतं, त्यामुळे त्या रात्री रांगेत नुसते प्रेक्षक नव्हते, भक्त होते म्हणा ना. लांबून विमानानं आलेले, दहा-दहा, वीस-वीस वेळा पाहिलेले. (आपल्याकडे एकेक नाटक असं पाठ होईपर्यंत पाहणारी मंडळी आहेतच की!) आणि रांगेत वादावादी कशी, तर मंगल कार्यालयात पंगत बसायच्या आधी चालते तशी. एक पक्ष तंबूवाल्यांचा. हा खेळ २०१० पर्यंत तंबूत व्हायचा, एकेका शहरात आठवडेच्या आठवडे मुक्काम असायचा. मग तो मोठाल्या बंदिस्त स्टेडियममध्ये नेला, तिथे आठवडाभर खेळ आणि चला पुढच्या गावाला. तंबूवाल्यांचं म्हणणं, खेळ खरा तेव्हाच संपला. तंबूत कलावंतांचा घाम दिसायचा, इथे लांबून काय दिसणार? दुसरा पक्ष म्हणायचा, स्टेडियम झालं म्हणून तर आमच्यासारख्या लहान गावांपर्यंत आला, नाहीतर आम्ही कुठून बघणार होतो? मला विचाराल तर मी ह्या दुसऱ्या पक्षाची. २०१८ च्या नोव्हेंबरात ह्याच कंपनीचा 'बझार' नावाचा खेळ मुंबईत सुरू झाला, त्यात आपला मल्लखांबही होता. पण सांगलीहून मुंबई, तिकिटं, राहणं... पेपरातले फोटो पाहिले आणि घडी घालून ठेवले.

शिळं व्हायच्या आत थांबलेलं बरं, असंही काही जण म्हणत होते म्हणे. त्यावर वन्संना राग आला. "पोळी शिळी होते गं, सकाळची रात्री. पण हा खेळ ते रोज नव्यानं भाजतात ना? मग शिळा कसा होईल?"

मग कुणाला पहिली झोए आठवे. सुरुवातीची झोए होती ती खेळाच्या संगीतकाराचीच मुलगी. कुणाला चिनी मुली आठवत. वीस वर्षांत अशा किती मुली आल्या, मोठ्या झाल्या आणि गेल्या. माझा मास्तरणीचा प्रश्न, "मग त्यांच्या शाळेचं काय?" तर कंपनीबरोबर शिक्षक असत, दौऱ्यावरच वर्ग भरत. गावोगाव फिरणारी शाळा! पेपर कुठे तपासत असतील हो ते?

पण वन्संना आश्चर्य वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. तिथे दोरीचं, चाकाचं, रेशमाचं कौतुक पुष्कळ झालं. शेवटच्या खेळात पंधरा जण मिळून माणसांच्या हातांवरून माणसं उडवतात, उंच मनोरे करतात, तेव्हा टाळ्यांनी छत उडायची वेळ आली. पण लोकांचे डोळे भरले ते सुरुवातीलाच. दिवाणखाना दिसला, खुर्चीतला पेपर दिसला, आणि वन्संच्या शेजारचे एक आजोबा रुमाल काढून बसले. मध्यंतरात ते म्हणाले, पहिल्यांदा पाहिला तेव्हा मुलगी आठ वर्षांची होती. ती गमतीनं कोपरानं ढोसून म्हणाली होती, हे तर तुम्हीच! आता ती दुसऱ्या देशात असते. पुढे ते काही बोलले नाहीत आणि वन्संनीही विचारलं नाही.

शेवटी सगळे कलावंत येऊन उभे राहिले तेव्हा मंडळी टाळ्या थांबवीनात. कलावंत रडताहेत, लोक रडताहेत. दिवे लागले तरी कुणी उठेना.

मी म्हटलं, पुन्हा सुरू नाही का व्हायचा? ह्याच कंपनीचा 'अलेग्रिया' २०१३ मध्ये बंद झाला होता, तो २०१९ मध्ये नव्या रूपात आलाच की. वन्सं मान हलवून म्हणाल्या, "आई नव्या साडीत आली तर आईच असते. पण दुसरीच कुणी आईची साडी नेसून आली तर?" ह्यावर मात्र माझं आणि त्यांचं जमलं नाही. मी आपली म्हणते, आलेली बरी. आमच्या लेकीसारख्या ज्यांनी पाहिलेलंच नाही, त्यांना नव्या-जुन्याचं काय?

आणि निरोप मिळाला हेही नशीबच. पुढे २०२० च्या मार्चमध्ये साथ आली आणि कंपनीचे जगभरचे सगळे खेळ एकदम थांबले. हजारो माणसांना घरी बसवलं, जूनमध्ये देणेकऱ्यांपासून संरक्षण मागायला कोर्टात जावं लागलं. लास व्हेगासला २००३ पासून त्यांचा एक खेळ चालू होता, फक्त मोठ्यांसाठीचा. तो थांबला तो थांबलाच, काही महिन्यांनी कळवलं की आता उघडणार नाही. तिथल्या भक्तांना रांगेत उभं राहून भांडायलाही मिळालं नाही. कंपनी पुढे सावरली, पण तो खेळ गेला.

तुळशीच्या लग्नानंतर वन्सं परत गेल्या. डीव्हीडी साडीच्या घडीत घालून नेली, म्हटल्याप्रमाणे. जायच्या आधी लेकीनं ती आणखी दोनदा पाहिली. शेवट मीही पाहिला. आईबाबा येतात, हॅट ज्याची त्याला परत जाते.

ह्यांच्याशी मी त्या प्रश्नाबद्दल बोलले. आधी म्हणाले, "मी कुठे पेपर वाचतो? आठवड्यातून एकदा!" मग हातातल्या मोबाइलकडे पाहिलं आणि गप्प बसले. त्याहून जास्त काही घडलं नाही, उगाच सांगायचं म्हणून सांगत नाही. माझेही बावन्न पेपर वेळेवर द्यायचे होते, ते मी पहाटे उठून संपवले.

सध्या आमच्या गच्चीवर रोज संध्याकाळी चार मुली जमतात. दोन लांब दोऱ्या उलटसुलट फिरवायच्या आणि मध्ये एकीनं उडी मारायची, असा प्रयत्न चालू आहे. अजून तीन उड्यांच्या पुढे गाडी गेलेली नाही. परवा खालच्या काकू वर आल्या. छताचे पापुद्रे डाळीत पडतात म्हणाल्या, जरा पोरींना आवरा. मी "हो, हो, सांगते" म्हटलं. दोरीचं एक टोक माझ्याच हातात होतं, ते मी पाठीमागे धरलं.