निरोगी इंजिनाला थुंकीची डबी कशाला?

रविवारी सकाळी गणेशपुरीत नित्यानंद बाबांच्या समाधीच्या दर्शनाला आणि गरम पाण्याच्या कुंडांवर आंघोळीला गर्दी होते. ठाणे, भिवंडी, वसईकडून आलेल्या गाड्या रस्त्याच्या कडेला लागतात. त्यांतल्या एखाद्या साध्या पेट्रोल गाडीचं बॉनेट उघडलं, तर आत ॲल्युमिनियमचा एक चकचकीत डबा बसवलेला दिसू शकतो. दोन रबरी नळ्या आणि तळाला छोटा नळ. हाच तो ‘ऑइल कॅच कॅन’. मालक नळ उघडून पाण्याच्या रिकाम्या बाटलीत चहाच्या रंगाचा, साय आल्यासारखा द्रव काढतो आणि शेजारच्याला दाखवतो : बघा, एवढी घाण इंजिनात जात होती!

त्याचं म्हणणं खोटं नाही. तो द्रव खरोखरच इंजिनात जात होता. प्रश्न एवढाच आहे, की त्यामुळे इंजिनाचं काही बिघडत होतं का?

इंजिनात पिस्टनभोवती रिंगा असतात. त्या कितीही घट्ट बसवल्या तरी जळलेल्या वायूचा थोडा अंश त्यांच्या फटीतून खाली, ऑइल असलेल्या भागात उतरतो. त्यात पाण्याची वाफ, न जळलेलं पेट्रोल आणि कार्बन मोनॉक्साइडसारखे वायू असतात. खाली उसळणाऱ्या ऑइलचे बारीक तुषारही त्यात मिसळतात. हा वायू बाहेर काढला नाही, तर आतला दाब वाढून सील गळू लागतील. म्हणून एक नळी तो वायू पुन्हा हवा आत ओढणाऱ्या मार्गात सोडते आणि तो पेट्रोलबरोबर जळून जातो. या मार्गावरच्या छोट्या झडपेला ‘पीसीव्ही व्हॉल्व्ह’ म्हणतात.

पूर्वी हा वायू सरळ रस्त्यावर सोडला जाई. लॉस एंजलिसच्या हवेत डोळे चुरचुरवणारं धुरकं का साचतं, याचा उलगडा आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १९५०च्या सुमारास केला आणि बोट मोटारींकडे वळलं. गाडीतून हवेत जाणाऱ्या न जळलेल्या इंधनाचा सुमारे पाचवा हिस्सा सायलेन्सरमधून नव्हे, तर इंजिनाच्या पोटातून येत होता. १९६१ साली कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या नव्या अमेरिकी गाड्यांत ही झडप आली आणि दोन वर्षांत ती उरलेल्या अमेरिकेत पोहोचली. म्हणजे ज्या नळीत आज कॅच कॅन बसवला जातो, ती मुळात माणसांच्या डोळ्यांसाठी आणि फुफ्फुसांसाठी आलेली नळी आहे.

फुफ्फुसांची रोजची सफाई

माणसाच्या फुफ्फुसांतही असंच काही रोज चालू असतं. श्वासनलिकांच्या आतल्या बाजूला चिकट स्राव तयार होतो. तो धूळ आणि जंतू पकडतो. सूक्ष्म केसांसारखे तंतू तो हळूहळू वर घशापर्यंत ढकलतात आणि आपण तो नकळत गिळतो. निरोगी माणसाने हा सगळा स्राव दिवसभर एका डबीत जमा केला, तर संध्याकाळी ती डबी पाहून तो घाबरेल. पण त्याला कोणताही आजार झालेला नसतो.

कॅच कॅनमधल्या द्रवाचंही बरंचसं असंच आहे. छोट्या फेऱ्यांमध्ये इंजिन पुरतं तापत नाही. पावसाळ्यात भिवंडीच्या बाजारापर्यंत जाऊन परत येणाऱ्या गाडीत तर वाफ थंड होऊन भरपूर पाणी साचतं. हे पाणी, थोडं पेट्रोल आणि थोडं ऑइल घुसळलं जाऊन तो दुधाळ द्रव तयार होतो. बाटली भरलेली दिसते, पण त्यात ऑइल किती हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही.

टर्बो आणि बिगर-टर्बो

टर्बोच्या गाडीत हवा दाबून आत भरली जाते. सिलिंडरमधला दाब वाढतो, रिंगांमधून जास्त वायू निसटतो आणि त्यातलं ऑइल टर्बोच्या पात्यांवर व इंटरकूलरमध्ये जाऊन बसू शकतं. तिथे कॅच कॅनला काही अर्थ आहे.

बिगर-टर्बो इंजिन हवा स्वतःच ओढून घेतं. निसटणारा वायू कमी असतो आणि तो सावकाश आत शोषला जातो. शिवाय आपल्याकडच्या बहुतेक साध्या पेट्रोल गाड्यांत पेट्रोलचा फवारा हवेच्या मार्गातच, आत येण्याच्या झडपेच्या पाठीवर पडतो. ऑइलचा थर बसू लागला तरी पेट्रोल तो धुऊन टाकतं. अशा गाडीत काही हजार रुपयांचा डबा बसवून वाचवण्यासारखं फारसं काही नसतं.

अपवाद आहेत. काही बिगर-टर्बो इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. तिथे झडप धुतली जात नाही आणि ऑइल तिच्यावर भाजून काजळीचे थर बसतात. शर्यतीच्या मैदानावर सतत वरच्या वेगात फिरणारं इंजिनही वेगळं. पण गणेशपुरीला दर्शनाला येणाऱ्या सर्वसाधारण गाडीला यांतलं काहीच लागू होत नाही.

आजारी इंजिनाचं काय?

क्षयरोग विभागात रुग्णाला थुंकीची डबी देतात, ती तपासणीसाठी. डबीने क्षय बरा होत नाही. ज्या गाडीचं ऑइल खरोखर कमी होतं, सायलेन्सरमधून निळसर धूर येतो किंवा एअर फिल्टर ऑइलने ओला होतो, तिचं निदान आधी व्हायला हवं. अशा गाडीला डबा बसवला, तर फिल्टर कोरडा राहील, मालक निश्चिंत होईल आणि रिंगांची झीज तशीच चालू राहील. खोकल्याचं औषध पिऊन क्षय लपवण्यासारखंच हे आहे.

निदान फार अवघड नाही. सपाट जागेवर, इंजिन बंद करून थोड्या वेळाने ऑइलची पट्टी तपासावी आणि किलोमीटरचा आकडा लिहून ठेवावा. हजार किलोमीटरनंतर पुन्हा पाहावं. घट गाडीच्या पुस्तिकेतल्या मर्यादेपेक्षा जास्त असेल, तर मेकॅनिककडून आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह तपासून घ्यावा. ही छोटी झडप तुंबली तरी ऑइल गळू लागतं आणि ती बदलायला इंजिन खोलावं लागत नाही. त्यानंतर सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजावं.

डब्याचे स्वतःचे धोके

काही जण डब्याची दुसरी नळी इंजिनाला परत न जोडता, वर छोटा फिल्टर लावून वायू मोकळा सोडतात. पेट्रोल गाड्यांनी हा वायू बाहेर सोडू नये, असं आपल्याकडचे भारत स्टेज नियम सांगतात. त्यापलीकडे घरच्यांच्या तब्येतीचा प्रश्न आहे. केबिनमध्ये बाहेरची हवा पुढच्या काचेखालच्या जाळीतून येते आणि ती जाळी बॉनेटला लागूनच असते. वाडा रस्त्यावर ट्रकच्या रांगेत अडकलेल्या गाडीत पेट्रोल-ऑइलचा वास येऊन मळमळ आणि डोकेदुखी सुरू झाली, तर बॉनेटखालच्या नळ्या आधी पाहायला हव्यात. क्लॅम्प सैल असला तरी हेच होतं.

दुसरा धोका हाताला. वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये ज्वलनातून आलेली, कर्करोगाला कारण ठरू शकणारी रसायनं साठत जातात. ब्रिटनमधल्या लँकेशायरच्या सूतगिरण्यांत चात्यांना घालायच्या खनिज तेलाने कामगारांच्या चोळण्या वर्षानुवर्षं भिजत आणि त्यांना अंडकोषाच्या त्वचेचा कर्करोग होई. १९२२ साली मँचेस्टरच्या डॉक्टरांनी त्याची नोंद प्रसिद्ध केली आणि १९५३ साली तेलाबद्दल सरकारी नियम आले. सूत-कापडावर जगणाऱ्या भिवंडीने लक्षात ठेवावा असा हा इतिहास आहे. महिन्यातून एकदा डबा रिकामा करणाऱ्याला लगेच काही होणार नाही. पण गॅरेजमध्ये रोज हात काळे करणाऱ्या मुलाचा हिशेब वेगळा आहे. त्याला नायट्राइलचे हातमोजे मिळायला हवेत. तेलाचं फडकं त्याने पँटच्या खिशात ठेवू नये आणि हात पेट्रोलने नव्हे, साबणाने धुवावेत. पेट्रोलने त्वचेचा नैसर्गिक स्निग्ध थर निघून जातो, भेगा पडतात आणि खाज सुटते. मनगटावर किंवा मांड्यांवर काळ्या टोकाचे पुरळ उठले, बरी न होणारी जखम किंवा चामखिळीसारखी वाढ दिसली, तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावं.

राहिली ती बाटली. वापरलेलं ऑइल २०१६च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं. गणेशपुरीत तानसा नदी कुंडांच्या शेजारून वाहते आणि पुढे वैतरणेला मिळते. रस्त्याकडेच्या गटारात ओतलेला द्रव पहिल्या पावसात तिथेच पोहोचतो. तो झाकण लावलेल्या बाटलीत ठेवून, जुनं ऑइल पुनर्वापरासाठी पाठवणाऱ्या गॅरेजकडे द्यावा. बाटलीवर नाव लिहावं, म्हणजे घरातलं लहान मूल चहा किंवा सरबत समजून ती तोंडाला लावणार नाही. कुणी चुकून प्यायलंच, तर उलटी करवू नये. त्यातलं पेट्रोल फुफ्फुसात गेलं तर न्यूमोनियासारखा गंभीर त्रास होतो. बाटलीसह थेट रुग्णालय गाठावं.

बिगर-टर्बो गाडीच्या मालकाने डब्याचे पैसे वेळेवर ऑइल आणि फिल्टर बदलण्यात घालावेत. डबा आधीच बसवला असेल, तर दोन्ही नळ्या घट्ट आहेत ना आणि दुसरी नळी इंजिनाला परत जोडलेली आहे ना, एवढं आजच बॉनेट उघडून पाहावं.