गृहशिक्षण : लवचीक मार्ग, साधी साधने आणि प्रमाणपत्राची वाट

प्रास्ताविक

शाळेच्या पटावरून नाव कमी झालेले मूल घरी शिकत असेलच असे नाही. तसेच घरी असलेले प्रत्येक मूल शिक्षणापासून वंचित असते असेही नाही. या दोन अवस्थांमधील फरक ओळखणे कम्युनिटी कॉलेजमध्ये शिकविणाऱ्या अध्यापकांसाठी विशेष महत्त्वाचे आहे. त्यांच्याकडे प्रवेशासाठी येणाऱ्यांत शाळा मध्येच सुटलेल्या आणि नंतर मुक्त विद्यालयाची परीक्षा दिलेल्या मुलीही असतात. उर्दू माध्यमाची प्राथमिक शाळा गावात आणि माध्यमिक शाळा दूर तालुक्याच्या ठिकाणी, अशी स्थिती जेथे आहे तेथे सातवी-आठवीनंतर मुलीचे दप्तर माळ्यावर जाते. 'ती घरीच शिकते आहे' असे घरातील मंडळी सांगतात. हे विधान केव्हा खरे ठरते आणि ते खरे ठरावे म्हणून कोणती साधने हाताशी आहेत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

गृहशिक्षणाची संकल्पना

पालकांनी मुलाच्या शिक्षणाची जबाबदारी शाळेकडे न सोपविता स्वतः उचलणे म्हणजे गृहशिक्षण होय. अमेरिकेतील शिक्षक जॉन होल्ट (१९२३–१९८५) यांनी 'हाऊ चिल्ड्रेन फेल' (१९६४) या पुस्तकात वर्गातील भीती मुलांना कशी चुकीच्या उत्तरांकडे ढकलते हे दाखविले. पुढे १९७७ मध्ये त्यांनी घरी शिकविणाऱ्या कुटुंबांसाठी एक नियतकालिक सुरू केले. त्यांचा भर मुलाच्या स्वतःच्या जिज्ञासेवर होता. इंग्लंडमधील शार्लट मेसन (१८४२–१९२३) यांची पद्धत अधिक शिस्तबद्ध होती. लहान मुलांसाठी पंधरा-वीस मिनिटांचे छोटे पाठ, उतारा एकदाच वाचून तो आपल्या शब्दांत सांगणे आणि निसर्गनिरीक्षणाची वही ही तिची मुख्य अंगे होत.

आपल्याकडील कुटुंबांना यांपैकी एकाच मार्गाचे अनुयायी होण्याचे कारण नाही. ज्या घरात आईवडिलांचे शिक्षण बेताचे आहे, तेथे मेसन यांची 'वाचून सांगणे' ही पद्धत फार उपयोगी पडते. मुलीने वाचावे आणि आईला सांगावे. आईला वाचता येत नसले तरी ऐकता येते, शंका विचारता येते. ही शंकाच मुलीचे आकलन तपासते.

कायद्याची बाजू

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायदा २००९ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. सहा ते चौदा वयोगटातील मुलाला शाळेत दाखल करणे हे त्यात पालकांचे कर्तव्य मानले आहे. गृहशिक्षणाचा स्वतंत्र उल्लेख मात्र त्यात नाही. केंद्र सरकारने २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात सादर केलेल्या प्रतिज्ञापत्रात, स्वेच्छेने हा मार्ग घेणाऱ्या पालकांच्या आड कायदा येत नाही, अशी भूमिका मांडली होती.

याच कायद्याच्या कलम ४ नुसार शाळा सुटलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात पुन्हा प्रवेश मिळण्याचा आणि मागे राहिलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षणाचा हक्क आहे. म्हणजे परतीचे दार उघडे आहे. गृहशिक्षण नीट चालत नसेल तर मुलाला शाळेत परत पाठविणे यात कमीपणा नाही.

दुसरी बाब अधिक नाजूक आहे. बालकामगारविषयक कायद्यात २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी घातली. कुटुंबाच्या व्यवसायात मदत करण्याची मुभा शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीतच ठेवली. ज्या मुलाला शाळाच नाही त्याची 'शाळेची वेळ' कोणती? हा प्रश्न घराने स्वतःला विचारला पाहिजे. वेळ ठरलेली नसेल तर मुलगा दिवसभर दुकानात बसतो आणि मुलगी दिवसभर चुलीपाशी राहते. म्हणून गृहशिक्षणात सर्व काही लवचीक असू शकते, पण अभ्यासाचे तास लेखी ठरलेले असावेत.

लवचीक वेळापत्रक

शाळेतील पाच-सहा तासांचा बराचसा भाग हजेरी, शिस्त आणि ये-जा यांत जातो. घरी एका-दोन मुलांना शिकविताना दोन ते तीन तासांचा एकाग्र अभ्यास पुष्कळ होतो. हे तास सलग असण्याची गरज नाही. सकाळी भाषा व गणिताचा एक तास, दुपारी वाचन, संध्याकाळी हातकाम अशी विभागणी करता येते. रमजानमध्ये सकाळचा तास सहरीनंतर घ्यावा. लग्नसराईत किंवा सुगीत आठवड्याचे तास कमी करून पुढील आठवड्यांत भरून काढावेत. रोजचे घड्याळ सांभाळण्यापेक्षा आठवड्याचा हिशेब सांभाळणे कुटुंबाला सोपे जाते. आठवड्याला पंधरा तास ठरविले आणि शुक्रवारी त्यांची बेरीज केली, तर कोठे तूट पडली ते लगेच दिसते.

दोन लिपी, एक वही

उर्दू भाषक घरातील मुलांपुढे दोन भाषांचा आणि दोन लिपींचा प्रश्न असतो. बेळगाव भागात कन्नड ही तिसरी लिपी येते. घरी शिकविताना ही अडचण एका साध्या उपायाने हलकी होते. एकच दोनशे पानी वही दोन्ही बाजूंनी सुरू करावी : उजवीकडून उर्दू, डावीकडून मराठी. आज उर्दूत लिहिलेला प्रसंग उद्या मराठीत लिहावा. दोन्ही लिखाणे वहीच्या मध्यभागी भेटली की वही पूर्ण झाली. मुलांना ही भेट गाठण्याची हौस वाटते आणि दोन्ही भाषांचा समतोल आपोआप राखला जातो.

उर्दूत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. वाचणारा ते संदर्भाने ओळखतो. त्यामुळे उर्दूची सवय असलेले मूल मराठीत लिहिताना वेलांटी-उकार गाळते. ण आणि ळ ही अक्षरे उर्दूत नसल्याने तेथेही चूक होते. हा निष्काळजीपणा नसून लिपीचा परिणाम आहे, हे शिकविणाऱ्याने ध्यानी घ्यावे आणि रोज पाच ओळींचे श्रुतलेखन द्यावे.

शब्दसंपत्तीच्या बाबतीत मात्र हे मूल भाग्यवान असते. दुकान, जमीन, वकील, कागद असे शेकडो शब्द दोन्ही भाषांत आहेत. अर्थ बदललेल्या शब्दांची वेगळी यादी करावी. 'खुलासा' म्हणजे उर्दूत सारांश, मराठीत स्पष्टीकरण. 'शिकस्त' म्हणजे उर्दूत पराभव, तर मराठीत प्रयत्नांची पराकाष्ठा. 'राजीनामा' उर्दूत तडजोडीचा लेख, मराठीत पदत्याग. खुद्द 'तालीम' हा शब्द उर्दूत शिक्षण, तर मराठीत आखाडा किंवा नाटकाचा सराव या अर्थाने येतो. अशी यादी मुलांनी स्वतः जमविली तर व्याकरणाचे पुस्तक न उघडता भाषाविचार सुरू होतो.

घरातील आणि मोफत मिळणारी साधने

पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच ही जुनी मापे मराठीत आहेत तशीच उर्दूतही आहेत. पावणेतीन किलो तांदळाचा हिशेब मुलीला स्वयंपाकघरात करता येत असेल, तर अपूर्णांकांचा पाया तिथेच घातला गेला आहे. फक्त तो कागदावर उतरवायचा आहे. शिलाईच्या फितीवर एका बाजूला इंच आणि दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर असतात. एक इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर, हे गुणोत्तर फीत हातात घेऊनच समजते. भिंतीवरील नमाजाच्या वेळांच्या तक्त्यातून मगरिबची वेळ वर्षभर दर महिन्याच्या एक तारखेला नोंदवून आलेख काढला, तर सूर्यास्ताच्या वेळेतील बदल डोळ्यांनी दिसतो आणि भूगोलाचा एक कठीण पाठ सोपा होतो.

छापील व डिजिटल साहित्याचीही आता वाण नाही. बालभारतीची पाठ्यपुस्तके मराठी, उर्दू, कन्नड आदी माध्यमांत संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येतात. एकाच इयत्तेचे विज्ञानाचे पुस्तक उर्दू आणि मराठी अशा दोन्ही माध्यमांत शेजारी ठेवून वाचणे हा परिभाषा शिकण्याचा उत्तम मार्ग आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'दीक्षा' या शासकीय व्यासपीठावर पाठांना जोडलेल्या चित्रफिती आहेत. पुण्याचे अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून करावयाच्या वैज्ञानिक खेळण्यांच्या चित्रफिती व पुस्तके अनेक भारतीय भाषांत मोफत खुली केली आहेत. काड्यापेटी, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आणि जुनी चप्पल एवढ्या सामग्रीवर त्यांतील कितीतरी प्रयोग होतात. घरात एकच मोबाईल असेल आणि तो दिवसा वडिलांबरोबर बाहेर जात असेल, तर रात्री साहित्य उतरवून ठेवावे आणि आवश्यक पाने छापून घ्यावीत.

नोंद आणि मूल्यमापन

घरच्या शिक्षणाला साक्षीदार नसतो. नोंदवही हाच त्याचा साक्षीदार. रोज तीन ओळी पुरेत : काय वाचले, काय केले, काय जमले नाही. दर महिन्याला प्रत्येक विषयाचा एक नमुना तारखेसह फाईलमध्ये लावावा. चुकलेले काम काढून टाकू नये. जूनमधील चूक आणि डिसेंबरमधील दुरुस्ती शेजारी असली तरच प्रगती कळते. याच फाईलमध्ये जन्माचा दाखला, आधार कार्डाची प्रत आणि शाळा सोडल्याचा दाखला ठेवावा. शाळा सुटताना हा दाखला घेण्याचे राहून जाते आणि पुढे परीक्षेचा अर्ज त्यावाचून अडतो.

प्रमाणपत्राची वाट

घरी कितीही चांगले शिक्षण झाले तरी मान्य परीक्षेशिवाय ते पुढील प्रवेशाला उपयोगी पडत नाही. यासाठी सर्वांत विस्तृत सोय राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाचा प्रकल्प म्हणून १९७९ मध्ये सुरू झालेले हे काम १९८९ मध्ये स्वतंत्र संस्था झाले; २००२ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. मुक्त मूलभूत शिक्षणाचे तिचे अ, ब, क हे तीन स्तर अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीशी समकक्ष आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही त्यांचा उल्लेख आहे.

माध्यमिक परीक्षेसाठी किमान वय १४ वर्षे आहे. पाच विषय उत्तीर्ण व्हावे लागतात आणि त्यांत किमान एक भाषा असावी लागते. उर्दू आणि मराठी ही दोन्ही माध्यमे उपलब्ध आहेत. परीक्षा वर्षातून दोनदा होतात. नोंदणी पाच वर्षे टिकते व त्या काळात नऊ संधी मिळतात. म्हणजे मुलगी एका वेळी एक-दोन विषय देऊ शकते. पूर्वी मान्य मंडळातून उत्तीर्ण झालेल्या दोन विषयांपर्यंतचे गुण जमेस धरता येतात. याखेरीज महाराष्ट्रात राज्य मंडळाच्या दहावी-बारावीला खाजगी विद्यार्थी म्हणून बसण्याची, म्हणजे सर्वपरिचित 'सतरा नंबर फॉर्म'ची सोय आहे. मध्य प्रदेश आणि तेलंगणातही राज्य मुक्त शाळा आहेत.

विषय निवडताना पुढचा विचार करावा. मुलीला परिचर्येची पदवी घ्यायची असेल तर विज्ञानाचे विषय आणि त्यांची प्रात्यक्षिके टाळून चालणार नाही. सोपे पाच विषय घेऊन मिळविलेले प्रमाणपत्र नेमके हव्या त्या दारापाशी अपुरे ठरू शकते.

अध्यापकांची भूमिका

या सर्व व्यवस्थेत घराला एका जाणत्या माणसाची गरज असते. महिन्यातून एकदा वही पाहणारा, अर्जाची तारीख आठवणीने सांगणारा, प्रात्यक्षिकासाठी प्रयोगशाळेचे दार दोन तास उघडणारा अध्यापक ही गरज भागवू शकतो. गणिताचा एखादा भाग अडल्यामुळे परीक्षाच सोडून देण्याची वेळ अशा मुलीवर येऊ नये.

प्रवेशाच्या वेळी 'शिक्षणात खंड का पडला?' हा प्रश्न अशा विद्यार्थिनीला ठरलेलाच असतो. त्याऐवजी 'या काळात काय शिकलात? वही आहे का?' असे विचारून पाहावे. वही असेल तर तिच्या घराने शिक्षण थांबू दिले नाही, हे कळते. वही नसेल तर ती त्याच दिवशी सुरू करून द्यावी. घरात बसलेली मुलगी आणि घरी शिकणारी मुलगी यांच्यातील अंतर पुष्कळदा त्या दोनशे पानी वहीएवढेच असते.