फायबरची बोट बुडते

"बाकी काही बघू नकोस, फायबरची घे. फायबरची बोट बुडत नाही."

महाळुंगे, निघोजे, खालुंब्रे या पट्ट्यात गळाची हौस असणाऱ्या कुणालाही बोटीबद्दल विचारा, पहिला सल्ला हाच मिळतो. सल्ला देणारे बहुतेक सगळे कारखान्यात काम करणारे. कामावर दहा मायक्रॉनच्या फरकासाठी पार्ट बाजूला काढणारी ही माणसं. मासेमारीसाठी भामा आसखेडला किंवा पवनेच्या धरणावर जायचं ठरलं की मात्र जिवाशी गाठ असलेली वस्तू ऐकीव माहितीवर विकत घेतात. हे पाहून चीड येते, म्हणून आधी हा गैरसमज नीट उलगडू.

फायबर म्हणजे काचतंतू आणि रेझिन. दोघांचा मिळून जो थर तयार होतो, त्याची घनता पाण्याच्या साधारण दीडपट असते. फायबरचा तुकडा तोडून बादलीत टाका, सरळ तळाला जातो. बोट तरंगते ती तिच्या आकारामुळे, पोटातल्या हवेमुळे. लोखंडाचं जहाज ज्या नियमाने तरंगतं त्याच नियमाने. लाटेने, गळतीने किंवा सगळे एका बाजूला सरकल्याने बोटीत काठोकाठ पाणी भरलं की ती हवा गेली, आणि उरलं ते पाण्यापेक्षा जड साहित्य. लाकडी होडी पाण्याने भरली तरी बहुधा पृष्ठभागाशी लोंबकळत राहते, कारण लाकूड स्वतः हलकं. फायबरला ती सवलत नाही.

मग "मी स्वतः भरलेली फायबर बोट तरंगताना पाहिलीय" असं सांगणारे खोटं बोलतात का? मुळीच नाही. त्यांनी पाहिली ती फोम भरलेली बोट. बोस्टन व्हेलर ही अमेरिकन कंपनी 1958 सालची. तिचा संस्थापक डिक फिशर याचे फोटो 1961 मध्ये 'लाइफ' मासिकात आले होते. तो बोटीत बसलेला असतानाच ती करवतीने मधोमध कापली, आणि तो उरलेल्या अर्ध्या बोटीत बसून निघून गेला. ती करामत फायबरच्या दोन थरांमध्ये ठासून भरलेल्या फोमची होती. अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या नियमांनुसार वीस फुटांपेक्षा लहान असलेल्या बहुतेक मोटरबोटींना पाणी भरल्यावरही तरंगत ठेवणारी व्यवस्था सक्तीची आहे. फायबर आपोआप तरंगत असतं तर हा नियम कशाला करावा लागला असता?

आता हिशेब करू. बारा फुटी बोटीचा फायबरचा सांगाडा 90 किलोचा धरा. दीडपट घनतेमुळे पाण्याखाली त्याचं वजन उरतं सुमारे 30 किलो. तीस किलोची शिशाची बॅटरी असेल तर तिचे पाण्याखाली जवळपास 20 किलो. तिघं जण पाण्यात राहून काठाला लटकले तर माणशी दहा किलोचा आधार धरू, म्हणजे आणखी 30. बेरीज 80 किलो. एक लिटर फोम जेमतेम एक किलो भार पेलतो. म्हणजे ऐंशी लिटरपेक्षा जास्त, एखाद्या मोठ्या पिंपाएवढा फोम त्या बोटीत कुठेतरी असायला हवा. सीटखाली कोंबलेल्या दोन थर्माकोलच्या तुकड्यांनी हे भागत नाही. त्यात पेट्रोल सांडलं तर थर्माकोल विरघळतो, तेव्हा पॉलियुरेथेनचा बंद पेशींचा फोमच हवा. काही जण सीटखाली नुसता हवाबंद कप्पा ठेवतात. त्याला केसाएवढी चीर गेली तरी तो गुपचूप पाण्याने भरतो आणि गरज पडेल त्या दिवशीच ते कळतं.

फोम आहे एवढ्याने समाधान मानू नका, तो कुठे आहे तेही पाहा. सगळा फोम तळाशी असला तर पाणी भरल्यावर तळ वर उसळू पाहतो आणि बोट उलटी होते. फोमचा मोठा भाग दोन्ही काठांच्या आतल्या बाजूला, जितका वर तितका चांगला. तेव्हाच भरलेली बोट सरळ राहते आणि धरायला काठ मिळतो. बोट दाखवायला आणणारे रंग दाखवतात, कप होल्डर दाखवतात, गळ उभा करायच्या नळ्या दाखवतात. ही एक गोष्ट कुणी आपणहून दाखवत नाही, कारण विचारणारंच कुणी नसतं.

या एका समजातून बाकीचे फुटतात. 'मोठी आणि जड बोट जास्त सुरक्षित', हा त्यातला पहिला. मोठ्या बोटीत माणसंही जास्त चढतात, हे लक्षात घ्या. छोट्या बोटींसाठी अमेरिकेत वापरला जाणारा ठोकताळा सोपा आहे: लांबी गुणिले रुंदी, दोन्ही फुटांत, भागिले 15. बारा फूट लांब आणि चार फूट रुंद बोटीला उत्तर येतं तीन. तिथे माणशी वजन धरलंय सुमारे 68 किलो, आणि आपली मंडळी डबे, बर्फाची पेटी, स्टोव्हसकट बसतात. शिवाय आपल्या धरणांवर बोट उतरवायला धक्का नसतो. उन्हाळ्यात पाणी मागे हटतं आणि मधे गाळाचा पट्टा उघडा पडतो. शंभर किलोची बोट त्या गाळातून नेताना चार जणांची कंबर धरते.

'सपाट तळाची बोट पलटत नाही' हेही अर्धंच खरं. ती सुरुवातीला हलत नाही, म्हणून माणूस निर्धास्तपणे उभा राहतो. पण एका मर्यादेपलीकडे कलली की सावरायला वेळ देत नाही. गळाला मोठा कटला लागला की मागचा मित्रही बघायला त्याच बाजूला येतो, आणि ती मर्यादा ओलांडली जाते.

'फुगवायची बोट म्हणजे खेळणं.' पोहण्याच्या तलावातली पातळ रबरी बोट धरणात नेली तर ती खेळणंच. जाड पीव्हीसी कापडाची, तीन-चार स्वतंत्र कप्प्यांची बोट ही वेगळीच चीज. एक कप्पा फुटला तरी बाकीचे तोलून धरतात. तिचे शत्रू वेगळे: काठावरची वेडी बाभूळ, शिंगाळ्याचा काटा, आणि ऊन. सकाळी गच्च फुगवून काठावर तापत ठेवली की आतली हवा प्रसरण पावते आणि शिवणी ताणल्या जातात. वाऱ्यात ती वल्ह्यांना जुमानत नाही, ही तिची खरी उणीव.

'धरणाचं पाणी शांत असतं' हा समज सगळ्यात घातक. पाण्याचा पसारा मोठा असला की वारा त्यावर मैलभर धावतो आणि पलीकडच्या काठाशी लाट उभी राहते. 21 मे 2024 ला उजनी जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. एक जण पोहत काठाला लागला. त्याच्यावरून 'पोहता आलं की बस' असं म्हणणारेही भेटतात. त्यांनी अमेरिकी तटरक्षक दलाचे वार्षिक अहवाल पाहावेत. नौकाविहारातल्या मृत्यूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश बुडून होतात, आणि बुडालेल्यांपैकी दहात आठांहून अधिक जणांच्या अंगात लाइफ जॅकेट नसतं. मे महिन्यात दुपारनंतर ढग दाटले की वळवाची वाट बघत बसू नका, काठाला या. जॅकेट घेताना त्यावरचा न्यूटनचा आकडा वाचा. 50 चं जॅकेट शुद्धीवर असलेल्या पोहणाऱ्याला आधार देतं. बेशुद्ध माणसाचं तोंड वर ठेवायला किमान 100 चं लागतं.

बाकीचे समज थोडक्यात. बोटीशिवाय मासा मिळत नाही? मरळ तर काठच्या गवतातच बसते. इंजिन हवंच? भामा आसखेडचं पाणी पुणे शहराला जातं, आणि आंद्रा धरणाचं पाणी आपल्या निघोज्याच्या बंधाऱ्यावरून पिंपरी-चिंचवड उचलतं. त्यात पेट्रोल आणि ऑइल कशाला मिसळायचं? बॅटरीवरची मोटर म्हणजे इंजिन नव्हे? 2021 चा इनलँड व्हेसल्स कायदा यांत्रिक साधनाने चालणाऱ्या बोटीबद्दल बोलतो, ते पेट्रोलवर चालतं की बॅटरीवर हा मुद्दा नाही. बोट आपली म्हणून मासाही आपला? जलाशयातली मासेमारी मत्स्य सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते आणि पाणी जलसंपदा विभागाचं. दोघांना विचारल्याशिवाय गळ टाकू नका. देहूच्या डोहातले मासे तर देवाचे. तिथे बोट आणि गळ दोन्हींचा विचार सोडा.

मग घ्यावी कोणती? एकट्याची हौस असेल तर वर बसायची, पॉलिथिनची, दहा ते बारा फुटी कयाक. पॉलिथिन पाण्यापेक्षा किंचित हलकं असतं, वजन तीस किलोच्या आसपास, गाडीच्या टपावर बसते आणि दोघांना गाळातून सहज उचलता येते. पण एकट्याची कयाक म्हणजे एकट्याने जायची परवानगी नव्हे. जोडीला दुसरी हवी. दोघा-तिघांना एकत्र बसायचं असेल तर जाड पीव्हीसीची कप्प्यांची बोट. फायबर शेवटी, आणि फोम पाहून.

फायबरचीच घ्यायची ठरली, तर पैसे देण्याआधी विक्रेत्याला बोट कमरेएवढ्या पाण्यात उतरवायला सांगा, बादल्यांनी काठोकाठ भरा, जॅकेट घालून दोघं जण काठाला लटका. सरळ तरंगत राहिली तर घ्या. तो भरू देत नसेल, तर तिथूनच परत फिरा.